तिसरं माणूस

ताडकळस
६ फेब्रुवारी २०२४

दादा, जयभीम.

हे पत्र उभ्यानं वाचू नका, बसून घ्या. वाईट काही न्हाई. पण तुमी पोस्टातून रिटायर झाल्यापासून पत्र हातात पडलं की आधी शिक्का बघता, मग तिकीट बघता, अन् मजकुरापर्यंत येईस्तोवर तुमचे पाय दुखायला लागतात, म्हणून सांगितलं.

बातमी अशी की मी आता एकटी राहत न्हाई. शीलाचे बाबा जाऊन चार वर्षं झाली, शीला नांदेडला तिच्या संसारात. माझी नर्सची नोकरी संपली त्या दिवसापासून या घरात माझ्याशिवाय फक्त फ्रिज आवाज करायचा. म्हणून राजेश्रीला राहायला बोलावलं. वालूरची. परभणी डेपोत कंडक्टर होती, तुमी तिच्या गाडीनं आलेले हायत. नवरा एसटीचा ड्रायव्हर, तो वारल्यावर ती त्याच्या जागी लागली. मूलबाळ न्हाई. मागच्या साली रिटायर झाली अन् भाचीकडं गेली. भाचीनं तिला हॉलमधल्या सोफ्यावर झोपवलं. राजेश्री म्हणली, नोकरीभर सीटवर बसायला मिळालं न्हाई, आता सीटवरच झोपायला लावलं.

तिला मागची खोली दिलीय. पहाटेच उठून वेणीफणी करून तयार राहते. कुठंच जायचं नसतंय. स्वयंपाकघरात मी मधी आले की “पुढं सरका” म्हणते. आवाज असा हाय की शेजारची म्हैस पण सरकते.

अन् एक तिसरं माणूस हाय. बोरीचं. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेलं. शांत हाय. त्याला अंगणाकडची खोली दिली.

तुमी पोराच्या घरी, धम्मपालकडं, बरे असाल. सहाव्या मजल्यावर वारं चांगलं लागत असेल. सूनबाईला, माधवीला माझी आठवण सांगा.

सुकेशनी


छत्रपती संभाजीनगर
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सुकेशनी, जयभीम.

तुझे पत्र मिळाले. शिक्का पुसट आहे. ताडकळसच्या पोस्टात शाई कमी पडत असावी, महारुद्रला विचारतो.

निर्णय घेण्यापूर्वी मला विचारले असतेस तर मी नाही म्हटले असते. हे तुला माहीत होते, म्हणून तू विचारले नाहीस. ठीक आहे. राजेश्रीबाईंना मी ओळखतो. मी खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून त्यांनी एकदा मला भर गाडीत उभे केले होते. बाई नियमाच्या पक्क्या आहेत. त्यांच्याविषयी माझी हरकत नाही.

तिसऱ्या बाईंचे नाव मात्र तू कळवलेले नाहीस. जनावरांच्या दवाखान्यात बायका नोकरी करतात हे मला नवीन आहे, पण काळ बदलला. त्यांचे वय, तब्येत, मुलेबाळे यांची माहिती दे. घरात माणूस घेताना चौकशी करावी. पार्सलसुद्धा आपण वजन केल्याशिवाय घेत नसू.

मी इथे उत्तम आहे. धम्मपाल आणि माधवी दोघेही जपतात. मला स्वतंत्र कॉट आणि स्वतंत्र कपाट आहे. एक सूचना: तुझे पत्र सोसायटीच्या वॉचमनकडे आठवडाभर पडून होते. यापुढे पाकिटामागे लिहिलेल्या पत्त्यावर, माझ्या एका स्नेह्यांच्या मार्फत पत्र पाठवत जा.

तुझा,
दादा


ताडकळस
११ मार्च २०२४

दादा, जयभीम.

तुमी चौकशी करा म्हणलात, तर लिहिते. तिसऱ्या माणसाचं वय सदुसष्ट. गुडघे सोडले तर तब्येत चांगली. एक लेकरू, ते हैदराबादला कंपनीत. जोडीदार वारल्यापासून ते माणूस बोरीच्या घरात तिन्ही टायमाला मुरमुरे खाऊन राहत होतं. मला ते बाजारात भेटलं तेव्हा त्याच्या पिशवीत मुरमुरेच होते. आमच्या उपकेंद्राच्या शेजारीच जनावरांचा दवाखाना होता, तिथली जुनी ओळख. मी म्हणले, असं खाऊन तुमी मरताल. ते म्हणलं, घाई न्हाई. मग मी म्हणले, माझ्याकडं खोली हाय.

मागच्या आठवड्यात त्यानं मोटारसायकलनं उडवलेली शेळी उचलून घरी आणली. ओट्यावर बसून बांबूच्या कांबट्या लावल्या, पट्टी बांधली. राजेश्री म्हणली, इथं शेळीला परवानगी न्हाई. ते माणूस शेळीशेजारी बसून राहिलं. दुपारून बघते तर राजेश्रीच शेळीला भाकर चारायली. पाय जुडला तसा मालक येऊन घेऊन गेला.

मग राजेश्रीला ताप आला. मी गोळी आणायला गेले होते. परत आले तर ते माणूस दारात उभं राहून तिच्याकडं बघायलेलं. मला म्हणलं, रवंथ करायली का? नोकरीची सवय हाय, दुसरं काही न्हाई. पण दिवसभर कपाळावर ओल्या पट्ट्या त्यानंच बदलल्या. राजेश्री बरी झाल्यावर म्हणली, नवरा गेल्यापासून कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता. असं म्हणली अन् लगीच आमाला दोघांना पुढं सरकायला लावलं.

संध्याकाळी आमी तिघं ओट्यावर चहा घेतो. कुणी जास्त बोलत न्हाई. पण दादा, एकटीनं गप बसणं अन् तिघांनी गप बसणं यात लय फरक हाय.

सुकेशनी


छत्रपती संभाजीनगर
२ एप्रिल २०२४

श्रीमती सुकेशनी, जयभीम.

शाईच्या बाबतीत मी महारुद्रला फोन केला होता. महारुद्र माझ्या हाताखाली पोस्टमन होता आणि त्याने नोकरीत कधी चुकीच्या घरी टपाल टाकले नाही. त्याने सांगितले की तुझ्या घरातल्या तिसऱ्या बाईंना मिशा आहेत.

मी तुझी दोन्ही पत्रे पुन्हा वाचली. तू खोटे कुठेही लिहिलेले नाहीस. तू ‘माणूस’ लिहिलेस, ‘लेकरू’ लिहिलेस, ‘जोडीदार’ लिहिलेस. व्याकरण तुझ्या बाजूने आहे. गाव नाही.

तू नर्स म्हणून त्या गावात नोकरी केलीस, लोकांनी तुला मान दिला. आता त्याच लोकांना चौकात बसून बोलायला तू विषय दिलास. दोन विधवा आणि एक विधुर. एक बौद्ध, एक मराठा, एक धनगर. महारुद्र म्हणाला, साहेब, सलूनमध्ये पेपर वाचायचे बंद झाले आहे.

त्या गृहस्थांनी आपल्या मुलाकडे जावे. उतारवयात मुलाकडे राहावे ही रीत आहे आणि ती उगीच पडलेली नाही. मी राहतोच आहे. मला कशाची उणीव नाही. सकाळी चहाची घंटा, दुपारी जेवणाची घंटा, संध्याकाळी बागेत फेऱ्या, सगळे वेळच्या वेळी. चौदा एप्रिलला जयंतीसाठी येण्याचा विचार होता. आता येणार नाही.

धम्मानंद


ताडकळस
२८ एप्रिल २०२४

दादा, जयभीम.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी वाचायला झालं न्हाई, कारण त्याच सकाळी दत्तराव पडले. आता नावच लिहिते. दत्तराव. मिशा हायत.

ओट्यावर चहा घ्यायलो होतो. त्यांच्या हातातला कप निसटला. मी म्हणले, काय झालं? ते काहीतरी बोलले, पण शब्द लागंना, अन् तोंड एका बाजूला ओढलं. मी असे पेशंट बघितलेत. राजेश्रीला म्हणले, लकवा हाय, उशीर केला तर हातचे जातील. ती चप्पल न घालता रस्त्यावर गेली अन् परभणीची एसटी आडवी उभी राहून थांबवली. ड्रायव्हर तिच्या ओळखीचा निघाला. चौघा पॅसेंजरांनी दत्तरावांना उचलून मागच्या लांब सीटवर निजवलं. गाडी परभणीपर्यंत कुठंच थांबली न्हाई. राजेश्रीनं जन्मात कधी स्टॉप सोडला नव्हता. प्रत्येक स्टॉप आला की खिडकीतून वाकून, तिथं उभ्या असलेल्या लोकांना “मागून गाडी हाय, माफ करा” म्हणत गेली.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, पेशंटच्या तुमी कोण? राजेश्री म्हणली बहीण. मी पण म्हणले बहीण. त्यानं आडनावं विचारली. तिघांची तीन निघाली. तो म्हणला, खरं नातेवाईक बोलवा. मी म्हणले, साहेब, खरं नातेवाईक हैदराबादला हाय, ते निघालंय, पण लकवा तेवढा वेळ थांबत नसतो. त्यानं आमच्या दोघींकडं बघितलं अन् लिहिलं, बहिणी दोन.

जीव वाचला. उजवा हात अन् उजवा पाय कमजोर राहिला, बोलणं तुटक झालं. पोरगा आला, सुरज नाव. वाईट न्हाई पोरगा. माझ्या पाया पडला. म्हणला, “काकू, तुमचे उपकार हायत. पण लोक बोलायलेत, मला हैदराबादपर्यंत ऐकू येतंय. मी आप्पाला नेतो.” आमी काय म्हणणार. आमी खिडकीवर बहिणी होतो, पोरासमोर कोण होतो?

दत्तरावांना काही सांगता येत नव्हतं. गाडीत बसवताना त्यांनी डाव्या हातानं आमच्या फाटकाचा गज धरून ठेवला. सुरजनं एकएक बोट सोडवलं. हळूच सोडवलं, दादा, पण सोडवलं.

तर तुमच्या मनासारखं झालं. आता आमी दोघीच हाय. राजेश्री कुणाला पुढं सरका म्हणत न्हाई.

आता मी तुमाला विचारते. कुणाच्या घरी जेवणाची घंटा वाजते? धम्मपालला मी तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तो म्हणला, बाबा आंघोळीला गेलेत. तुमचा फोन बंद. एवढी आंघोळ तुमी लहानपणापासून मिळून केली न्हाई. कुठं हायत तुमी?

सुकेशनी


६ मे २०२४

सुके, जयभीम.

माझा फोन बिघडला आहे. दुरुस्त करायला कोणाला सांगावे हे ठरत नव्हते.

धम्मपालची बदली बंगळूरला झाली. ते मला चला म्हणाले होते. मी म्हणालो, मला भाषा येत नाही, तिथे मी काय करू, मला एखाद्या चांगल्या आश्रमात ठेवा. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. मला वाटले होते, विचारतील.

गेल्या दिवाळीपासून मी इथे आहे. सहाव्या मजल्यावर आता भाडेकरू राहतात. जागा स्वच्छ आहे, जेवण वाईट नाही. स्नेही वगैरे कोणी नाही, तो इथल्याच कार्यालयाचा पत्ता आहे. धम्मपालला मीच सांगितले होते की आत्याला कळू देऊ नको. आंघोळीचे त्याने मनाने केले.

मागच्या महिन्यात माझ्या शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ वारले. आम्ही रोज सकाळी एकमेकांना नमस्कार म्हणत असू. त्यांचे नेमके नाव मला त्यांच्या कपाटावरची चिठ्ठी काढली तेव्हा वाचायला मिळाले. मी पोस्टात आयुष्य काढले, सुके. नाव न वाचता मी कधी काही हातावेगळे केले नव्हते.

तू बोटे सोडवल्याचे लिहिलेस. त्यांनी मुलाकडे जावे असे मी लिहिले होते, ते त्या गृहस्थांनी वाचले होते का, एवढेच कळव.

हे महारुद्रला सांगू नकोस.

दादा


ताडकळस
१२ जून २०२४

दादा, जयभीम.

न्हाई, त्यांनी वाचलं न्हाई. ते दवाखान्यात होते तेव्हा तुमचं पत्र डब्याखाली होतं, अन् नंतर मी त्यांना काही सांगितलं न्हाई. तेवढं मनातून काढा.

धम्मपालवर मी चिडले होते. त्याला फोन लावला, पण माधवीची तब्येत विचारून ठेवून दिला. ते तुमच्या दोघांतलं हाय. तुमीच बघा.

आता ऐका. दत्तराव परत आले. परवा दुपारी. आमी दोघी ओट्यावर तांदूळ निवडायलो होतो, तर काठी टेकत एक माणूस फाटकाशी. आदल्या दिवशी सुरज अन् सून कामावर गेल्यावर ते घराला कडी लावून निघाले, कुणाला तरी विचारत स्टेशनला गेले अन् परभणीच्या गाडीत बसले. बोलता येत न्हाई म्हणून डाव्या हातानं कागदावर ताडकळस लिहून खिशात ठेवलं होतं. अक्षर असं की परभणीच्या स्टँडवर लोकांनी त्यांना आधी पूर्णेच्या गाडीत बसवलं, मग उतरवलं. राजेश्री त्यांना बघून उठली. मला वाटलं रडणार. ती म्हणली, “तिकीट दाखवा.” त्यांनी दाखवलं. मग ती आत जाऊन रडली.

सुरजचा फोन आला होता. लय घाबरला होता अन् त्याहून जास्त चिडलाय. रजा मिळाली की घ्यायला येतो म्हणला. अन् मला शीलाच्या बाळंतपणाला नांदेडला जायचंय. मागं राजेश्री एकटी राहिली तर त्या पोराला बोलू देणार न्हाई. दत्तरावांचे शब्द अजून अर्धे हायत. घरात नीट मांडून बोलणारं कुणीतरी पायजे.

दत्तरावांच्या खोलीत दुसरी कॉट टाकलीय. मी तुमच्यावर उपकार करायली असं समजू नका. तुमच्यावाचून तिथं कुणाचं अडत नसेल, इथं माझं अडलंय. राजेश्री म्हणती, हात खिडकीच्या आत ठेवणार असतील तर येऊ द्या.

सुकेशनी


ताडकळस
९ जुलै २०२४

सुके, जयभीम.

शीलाला मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत हे कळले. आनंद झाला. इथे राजेश्रीबाईंनी पेढे वाटले आणि महारुद्रला दोन दिले. तो आता आमच्या बाजूने आहे असे दिसते.

पहिले चार दिवस दत्तराव आणि मी एकमेकांशी बोललो नाही. त्यांना बोलता येत नव्हते आणि मला काय बोलावे ते सुचत नव्हते. पाचव्या दिवशी ते उठून माझ्या कॉटशी आले, माझे पाय बोटाने दाबून पाहिले, सूज आहे म्हणून मान हलवली आणि पायाखाली स्वतःची उशी ठेवली. मी म्हणालो, मी तुमच्याविषयी सुकेशनीला वाईट लिहिले होते. ते म्हणाले, “म्हाइत... हाय. महारुद्र.” फोनवर मी महारुद्रला जे बोललो होतो ते त्याने पोहोचवले होते. एवढे बोलून ते झोपले.

काल सुरज आला. तू मला ज्या कामासाठी बोलावलेस ते कसे पार पडले ते लिहितो.

तो आत आला तो बॅग खाली न ठेवताच. वडिलांचे कपडे कुठे आहेत म्हणाला. राजेश्रीबाई कणीक मळत होत्या, त्या उठायच्या आत मी त्याला बस म्हणालो. तो बसला. मला म्हणाला, “काका, तुमी शिकलेले हायत. तुमीच सांगा. पोरगा जिवंत असताना बापानं परक्याच्या घरी राहावं का? लोक मला काय म्हणायलेत, तुमाला माहीत हाय का?”

मी म्हणालो, “माहीत आहे. त्यातले बरेच मीच म्हटले होते.”

“मग तुमी इथं कसे? तुमाला मूलबाळ न्हाई का?”

“मुलगा आहे. चांगला आहे.”

“त्याच्याकडं राहत होता ना तुमी?”

राजेश्रीबाईंचे हात परातीत थांबले. सुके, होय म्हणणे सोपे होते. मी ते दिवाळीपासून म्हणत आलो होतो. पण दत्तराव माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “नाही. आश्रमात होतो. मला तिथे सगळे वेळेवर मिळत होते.”

“मग?”

“मग काही नाही. वेळेवर मिळत होते.”

तो वडिलांकडे वळला. “आप्पा, माझ्याकडं काय कमी होतं? एवढं तरी सांगा.”

दत्तरावांना शब्द शोधायला वेळ लागतो. ते म्हणाले, “कमी... न्हाई. तू... कामाला. सून... कामाला. मी... खिडकीत.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “तू वाईट... न्हाई रे.”

सुरजने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. राजेश्रीबाई म्हणाल्या, “जेवणारांनी बसून घ्यावं, पुन्हा वाढणार न्हाई.” तो हात धुऊन बसला. भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. त्याने तीन भाकरी खाल्ल्या. नंतर वडिलांच्या गोळ्या कोणत्या वेळी देता ते विचारले, मालिश कोण करतो विचारले. मालिश मी करतो. महिन्यातून एकदा आलो तर चालेल का, असे त्याने विचारले. वडिलांना नाही, आम्हाला विचारले. राजेश्रीबाई म्हणाल्या, “ये. पण रविवार धरून ये, मटण त्याच दिवशी असतं.”

त्याला सोडायला दत्तराव आणि मी स्टँडपर्यंत गेलो. त्यांची उजवी बाजू कमजोर आणि मला डाव्याच कानाने ऐकू येते, त्यामुळे मी त्यांच्या उजव्या हाताने चाललो की दोघांचेही भागते. वाटेत सलून लागले. आतल्या सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. दत्तरावांनी आत जाऊन मिशा नीट करून घेतल्या. मी बाहेर बाकावर बसलो.

आज सकाळी धम्मपालचा फोन आला. राजेश्रीबाईंनी माझा फोन परभणीहून दुरुस्त करून आणला आहे. मी आश्रम सोडल्याचे तिथल्या कार्यालयाने त्याला कळवले होते. तो म्हणाला, बाबा, तुम्ही कुठे आहात? मी म्हणालो, घरी. तो म्हणाला, कोणत्या घरी? मी म्हणालो, पत्ता लिहून घे. त्याने कागद आणला. मी नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळे सावकाश सांगितले आणि त्याने लिहून घेतले. लिहून झाल्यावरही त्याने फोन ठेवला नाही.

मीही ठेवला नाही.

दादा